अनुभव धागा: सिस्टरबाईंचा स्टीलचा डबा

माळा आवरताना एक लांबट स्टीलचा डबा निघाला. आत जाळीचा ट्रे, दोन काचेच्या सिरिंजी, बारीक तारा खोचलेल्या पाचसहा सुया. झाकण उघडलं आणि तो जुना स्पिरिटचा वास आलाच. तालुक्याच्या गावी पस्तीस-चाळीस वर्षं तीन पाळ्या करत पोरं वाढवणाऱ्या सिस्टरबाईंच्या हातात जे होतं, ते कुठे लिहिलेलं फारसं सापडत नाही. तेव्हा जाणकारांनी लिहा. कौतुक नको, कृती हवी. हा डबा नक्की कसा वापरायचे इथपासून सुरुवात करू.

कडुलिंब
सिरिंज आधी सुटी करायची, दट्ट्या वेगळा, नळी वेगळी. वापर झाल्या झाल्या गार पाण्याने धुवायची, रक्त वाळलं की संपलं. ट्रेमध्ये खाली दुपदरी गॉज, नाहीतर उकळताना काच काचेवर आपटते. पाणी गार घ्यायचं आणि सगळं बुडून वर बोटभर राहील एवढं. उकळत्या पाण्यात गार सिरिंज टाकली की तडकलीच. खळखळून उकळी आल्यावर घड्याळ लावायचं, २० मिनिटं. मध्ये कोणी आणखी एक सुई टाकली तर पुन्हा पहिल्यापासून २० मिनिटं. हा नियम सगळ्यांना पाठ असायचा आणि गर्दीच्या दिवशी तोच आधी मोडायचा.

कडुलिंब
राहिलंच. नळी आणि दट्ट्या दोन्हींवर नंबर कोरलेला असतो, तो जुळला पाहिजे. दुसऱ्याचा दट्ट्या घातला तर एकतर अडकतो, नाहीतर औषध मागून गळतं आणि डोस कमी जातो. डब्यातल्या दोन सिरिंजींचे नंबर बघा, अदलाबदल झालेली असणार!

धागा उघडणारी
बघितलं. झालेली आहे :)

ओवा
ग्लुकोज दिल्यावर सिरिंज लगेच धुतली नाही तर दट्ट्या चिकटून बसतो. ओढाताण करायची नाही. कोमट पाण्यात तासभर भिजवायचं, मग हळू पीळ द्यायचा. आणि बोअरच्या पाण्याने काचेवर पांढरा थर बसतो, दट्ट्या खरखरायला लागतो. उकळायला पावसाचं नाहीतर आधीच उकळून निवळलेलं पाणी वापरायचं.

सुईदोरा
त्या तारा फेकू नका, त्या सुईच्या पोटातून घालायच्या असतात. सुईचं टोक वाकलंय का हे डोळ्यांना दिसत नाही. कापसावरून सुई हळूच उलटी ओढायची, तंतू अडकला तर टोकाला आकडी आलीय. मग बारीक धारेच्या दगडावर दोनचार हात, सुईची तिरकी बाजू दगडाला सपाट टेकवून. तरी दुखायचंच. 'सिस्टरचा हात हलका' म्हणायचे ना, त्यातली अर्धी करामत दगडाची.

खलबत्ता
एक महत्त्वाचं. उकळून सगळं मरत नाही, धनुर्वातासारख्या जंतूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही टिकतात. म्हणून ड्रेसिंगचे ड्रम (गॉज-कापूस ठेवायचे धातूचे गोल डबे) ऑटोक्लेव्हला, म्हणजे दाबाच्या वाफेच्या यंत्रात: १२१ अंश, १५ पौंड दाब, गुंडाळलेल्या सामानाला ३० मिनिटं. ड्रमच्या बाजूची भोकं आत ठेवताना उघडी, बाहेर काढल्याबरोबर बंद. भोकं बंद ठेवून ड्रम आत गेला तर वाफ शिरतच नाही. बाहेरून सगळं चकाचक, आत मात्र जसं होतं तसं. ड्रम ठासूनही भरायचा नाही, हात सहज आत गेला पाहिजे.

शेवंता
चिटल फोरसेप (निर्जंतुक सामान उचलायचा, औषधाच्या बाटलीत उभा ठेवलेला लांब चिमटा) कोणी विसरू नका!! बाटलीतून काढल्यावर टोक कायम खाली. वर केलं की औषध ओघळून हातापर्यंत येतं, आणि खाली केलं की हाताची घाण घेऊन परत टोकाला जातं. एका बाटलीत एकच फोरसेप. (मुलं शाळेतून आली, बाकी नंतर)

बाराखडी
आमचा प्रांत प्रयोगशाळेचा, पण उपकेंद्रात हे कामही एएनएम ताईच (गावातल्या परिचारिका) करायच्या. लघवीतलं अल्ब्युमिन (प्रथिन) बघायची जुनी पद्धत: परीक्षानळी पाऊण भरायची, तळाला धरायची, फक्त वरचा भाग दिव्यावर तापवायचा. वर पांढुरकं झालं की लगेच 'अल्ब्युमिन आहे' लिहायचं नाही. ॲसेटिक ॲसिडचे दोनतीन थेंब टाकायचे. पांढरेपणा गेला तर फॉस्फेट होतं, राहिला तर अल्ब्युमिन. वरचाच भाग का, तर खालची न तापलेली नितळ लघवी तुलनेला समोर असते.
हिमोग्लोबिन साहलीच्या नळीत (रंग जुळवून मोजायची खुणांची नळी): ॲसिड खालच्या खुणेपर्यंत, २० घनमिलिमीटर रक्त, १० मिनिटं थांबायचं, मग डिस्टिल्ड वॉटर थेंब थेंब टाकत शेजारच्या काचेशी रंग जुळवायचा. दिवसाच्या उजेडात. दहा मिनिटं न थांबता वाचलं तर आकडा कमी येतो. पिपेटच्या बाहेर लागलेलं रक्त पुसलं नाही तर जास्त. नऊ महिने भरत आलेल्या बाईच्या कार्डावर चुकून ११, म्हणजे 'ठीक', लिहिलं गेलं तर पुढे काय होऊ शकतं ते सांगायला नको.

माठ
लसींबद्दल मी लिहितो. लोकांना वाटतं लस उन्हाने खराब होते. होतेच, पण डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात), टीटी (धनुर्वात), हिपॅटायटिस बी (कावीळ) गोठून जास्त फसवते, कारण बाटली वरून तशीच दिसते. म्हणून आयएलआरमध्ये (लसींच्या खास फ्रीजमध्ये) +२ ते +८ अंश, तापमान दिवसातून दोनदा लिहायचं, सुट्टीच्या दिवशीही. गोठणाऱ्या लसी टोपलीत, तळाला नाही.
कॅरिअरमध्ये (लसी गावोगाव न्यायच्या पेटीत) बर्फाचे ४ पॅक. फ्रीजरमधून काढून लगेच भरायचे नाहीत. पॅकला घाम फुटू द्यायचा, कानाशी हलवला की आत पाणी वाजलं पाहिजे. घाईत हीच पायरी गाळली जाते.
शंका आली तर शेक टेस्ट: त्याच बॅचची एक बाटली मुद्दाम गोठवून वितळवायची, ती आणि संशयित बाटली दोन्ही हलवून शेजारी ठेवायच्या. गोठलेली लवकर खाली बसते आणि वर पाणी नितळ होतं. संशयितही तशीच बसली तर टाकून द्या.

शेवंता
आले परत. माठ दादा, बीसीजी (क्षयाची लस) राहिली. डावा दंड, कातडीच्या आत, महिन्याच्या आतल्या बाळाला ०.०५ मिली, मोठ्याला ०.१. वर मसुरीएवढी फोडी उठली पाहिजे. नाही उठली तर सुई खोल गेली. पुढे काही आठवड्यांनी गाठ येते, कधी फुटते, आपोआप सुकते. त्यावर हळद, चुना, मलम, काहीही नको. हे सांगायला सिस्टरला टोचण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

उंबर
पल्स पोलिओही आहेच. १९९५ पासून. डाव्या करंगळीच्या नखावर शाई, घराच्या भिंतीवर खडूने P (झालं) किंवा X (राहिलं). X चं घर म्हणजे पुन्हा फेरी. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ चा. त्या दोन आकड्यांच्या मध्ये किती जिने चढून झाले असतील!

ओवा
गुडघे त्यातच गेले सगळ्यांचे.

जाईजुई
आईपणाबद्दल कोणीच लिहीत नाहीये. तान्हं घरी ठेवून बारा तास ड्युटी, तर दूध काढून ठेवायची कृती:
हात धुवायचे. अंगठा वर, बाकी बोटं खाली, बोंडापासून साधारण ३-४ सेंटिमीटर मागे. आधी छातीच्या आत दाबायचं, मग बोटं जवळ आणायची, सोडायचं. बोंड ओढायचं नाही, त्याने येत काही नाही, जखम मात्र होते. पहिली दोनतीन मिनिटं थेंबही येत नाही, तिथेच बायका सोडून देतात. एका बाजूला ३-५ मिनिटं, मग दुसरी, आलटून पालटून २० ते ३० मिनिटं. दर तीन तासांनी. ड्युटीवर अजिबात काढलं नाही तर आधी गाठी, मग ताप, मग दूधच आटतं.
बाहेर २५ अंशापर्यंत ४ तास टिकतं, आपल्या उन्हाळ्यात तेवढा भरवसा नको. फ्रीजमध्ये मागच्या बाजूला ४ दिवस. तापवायचं नाही, कोमट पाण्यात भांडं ठेवायचं.

माठ
आणि कृपा करून लसींच्या फ्रीजमध्ये नाही! दूधही नाही, पाण्याची बाटलीही नाही. दार जितक्या वेळा उघडेल तितका पारा चढतो.

जाईजुई
माहीत आहे हो. तरी ठेवतात. कारण उपकेंद्रात दुसरा फ्रीजच नसतो. हे कोणाला सांगायचं ते सांगा.

सुईदोरा
बोंडल्याने पाजायचे की वाटी-चमच्याने?

जाईजुई
वाटी-चमचा बरा. बोंडलंही चालतं, पण चोचीत दूध साठून राहतं, ती घासायला कापडाची वात लागते आणि मग उकळायचंच. बाळाला अर्धवट बसतं धरायचं आणि दूध ओठाला टेकवायचं, घशात ओतायचं नाही.

खलबत्ता
बोंडलं उकळायला आपला लांबट डबा आहेच :D

ओवा
पांढऱ्या साडीचे डाग कसे काढायच्या हे पण लिहा ना कोणीतरी

शेवंता
रक्त: गार पाणी आणि मीठ. गरम पाणी लावलं की डाग पक्का. वाळलेल्यावर हायड्रोजन पेरॉक्साईड, फेस येऊ द्यायचा.
आयोडीन: व्हिटॅमिन सी ची गोळी पाण्यात विरघळवून लावा, डोळ्यांदेखत जातो.
पोटॅशियम परमँगनेटचा तपकिरी डागही त्यानेच, नाहीतर लिंबाने.
जेन्शन व्हायोलेट: ताजा असेल तर स्पिरिट. जुना असेल तर त्या साडीची पायपुसणी करा.

उंबर
😂 शेवटची ओळ सर्वात खरी

कारकून
दवाखान्यातलं कळत नाही, कागदांचं कळतं. नोकरी लागली माहेरच्या नावाने, पगार सासरच्या नावाने, आधारवर तिसरंच. निवृत्तीच्या सहा महिने आधी हे उघड होतं आणि पेन्शन अडकते. नावबदलाचं राजपत्र आणि सेवापुस्तकातली नोंद वेळीच करून घ्या. लग्नाआधी भरलेलं नामनिर्देशन लग्नानंतर नव्याने भरावं लागतं. अर्जित रजा ३०० दिवसांपर्यंतच रोखीत मिळते, पण जुन्या बदल्यांत रजेचा हिशेब दुसऱ्या कार्यालयात राहिलेला असतो, तो आणून चिकटवा. सेवापुस्तकाची झेरॉक्स स्वतःकडे हवीच. ज्यांनी पेन्शन विकली आहे (काही भाग आधीच एकरकमी घेतलाय) त्यांना कापलेली रक्कम १५ वर्षांनी पुन्हा सुरू होते, तारीख लिहून ठेवा. आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला.

कडुलिंब
कारकून काका, हे वेगळ्या धाग्यात टाका. इथे डागांखाली हरवेल.

कारकून
टाकतो. आधी जेवण.

बाराखडी
सलाईनच्या थेंबांचा हिशेब कोणी लिहिलाच नाही. ५०० मिली ४ तासांत, २० थेंबांचा सेट (म्हणजे १ मिलीला २० थेंब): ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला ४२ च्या आसपास. १५ सेकंद मोजून चारने गुणायचं. ६० थेंबांच्या बारीक सेटला हिशेबच नको, तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. रुग्णाने हात वाकवला की वेग बदलतो, म्हणून एकदा लावून निघून जायचं नाही.

धागा उघडणारी
लिहून घेतेय सगळं. नंबर जुळवून दट्टे बदलले, एक अजून अडकतोय. कोमट पाण्यात ठेवलाय.

ओवा
तासभर. घाई नको.