दीर्घ मुदतीसाठी कुणाचं लेखन वाचावं? लेखक कसा पारखता?

नौपाडा_मृदुला: नमस्कार. वडिलांच्या मुदत ठेवी यंदा सुटताहेत. त्यातला थोडा भाग दहा-बारा वर्षांसाठी शेअर्समध्ये ठेवायचं घरात ठरलंय. गेल्या वर्षी एका ग्रुपच्या टिपांवर मी चाळीस हजार घालवले, ते अजून बोचतंय. म्हणून आता विचार करायला शिकवणारा लेखक हवाय. भाऊ एकाचे लेख पाठवतो. लिहितो छान, पण आधी काय करायचा, बाजारात किती वर्षं आहे, काही कळत नाही. हे बघणं गरजेचं आहे ना?

वाशीचे_काका: ताई, आधी तेच बघायचं. बेंजामिन ग्रॅहम या अमेरिकी गुंतवणूकदार-लेखकाचं घ्या. जन्म १८९४, लहानपणीच वडील गेले, १९०७ च्या पडझडीत आईनं उसन्या पैशांवर घेतलेले शेअर बुडाले. पुढे १९२९ ते १९३२ मध्ये तो स्वतः सांभाळत असलेली रक्कम सुमारे ७० टक्क्यांनी घटली. असा माणूस ‘मार्जिन ऑफ सेफ्टी’चा आग्रह धरणारच. शंभराचा माल सत्तरला मिळाला तरच घ्यायचा, म्हणजे हिशेब थोडा चुकला तरी निभावतं.

पीटर लिंच या अमेरिकी फंड मॅनेजरचेही वडील लवकर गेले. हा पोरगा गोल्फच्या मैदानावर खेळाडूंच्या पिशव्या उचलायचा, तिथं कंपन्यांचे बडे अधिकारी शेअर्सवर बोलताना कानावर पडायचं. त्यानं १९७७ ते १९९० मॅजेलन हा म्युच्युअल फंड चालवला. दुकानात काय खपतंय ते बघा, हे त्याचं म्हणणं सगळ्यांना पाठ आहे. त्यानंतर कंपनीचे आकडे तपासा, हेही तो तितक्याच कळकळीनं सांगायचा, ते मात्र लोक सोडून देतात.

भावाच्या लेखकाचं २००८ मधलं लिखाण मिळतं का बघा. जानेवारीत २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात ८ हजारांखाली गेला होता. तेव्हा तो काय सांगत होता? चुकलेल्या शेअरबद्दल नंतर कधी लिहिलंय का?

घोडबंदर_सीए: काकांना +१. त्याची कमाई कशातून होते तेही बघा. पैसे घेऊन शेअर सुचवत असेल तर सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी लागते. रिसर्च अ‍ॅनालिस्टचा क्रमांक ‘आयएनएच’नं सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा ‘आयएनए’नं. सेबीच्या संकेतस्थळावर नाव टाकून तपासता येतं. नोंदणी असली म्हणून सल्ला बरोबरच असेल असं नाही, पण नोंदणीशिवाय पैसे घेणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका.

नौपाडा_मृदुला: आत्ताच शोधलं. महिन्याला पैसे घेऊन यादी पाठवतो, पण नाव सापडलं नाही. भावाला लगेच फोन केला. काका, तुम्ही स्वतः काय करता?

वाशीचे_काका: दोनशे पानी वही. डाव्या पानावर शेअर का घेतला ते चार ओळींत. उजवं पान वर्षानं, वार्षिक अहवाल आल्यावर भरायचं. एका कंपनीच्या उजव्या पानावर मी लिहिलंय: ‘नफा वाढला, पण येणी त्याहून जोरात वाढली. रोकड कुठाय?’ (येणी म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायचे बाकी पैसे.) पुढच्या वर्षी पुन्हा तेच लिहावं लागलं, तेव्हा विकला.

नौपाडा_मृदुला: अहवालात आधी कोणतं पान उघडता?

वाशीचे_काका: कॅश फ्लोचं, म्हणजे रोख पैसा किती आला-गेला त्याचं. मग ऑडिटरचा अहवाल. अध्यक्षांचं भाषण सगळ्यात शेवटी. रविवारी मी ठाण्यात लेकीकडे येतोय, वही दाखवायला आणतो.