फिलमोर यांचा १८५६ चा बिल्ला अस्सल असू शकतो काय?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर)
मी जुनी नाणी व पदके जमवतो. अलीकडे अमेरिकेतील स्थलांतरितविरोधी चळवळींच्या, विशेषतः ‘नो-नथिंग’ नावाने ओळखल्या गेलेल्या अमेरिकन पक्षाच्या, प्रचारवस्तूंकडे वळलो आहे. एका परदेशी विक्रेत्याने या पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार मिलर्ड फिलमोर यांचे छायाचित्र, सेल्युलॉइडचे (जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकचे) आवरण आणि मागे टाचणी असलेला बिल्ला १८५६ च्या निवडणुकीतील म्हणून देऊ केला आहे. तो घ्यावा काय? आणि त्या काळची रेशमी फीत घेतल्यास ती आपल्या हवेत टिकेल काय?

उत्तर (महाल)
बिल्ला घेऊ नये. सेल्युलॉइडचे बिल्ले प्रचारात रुळले ते १८९६ च्या निवडणुकीत, आणि फिलमोर १८७४ मध्येच वारले होते. १८५६ ची वस्तू म्हटली की ठशाची पदके, छापील फिती, शिळाछापाची चित्रे आणि कागद यांचीच अपेक्षा धरावी. आयरिश व जर्मन कॅथलिकांच्या विरोधावर वाढलेल्या या पक्षाने १८५४ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नरपद जिंकले, नागरिकत्वासाठी २१ वर्षांच्या वास्तव्याची अट मागितली आणि दोनच वर्षांनी फिलमोर यांच्या पदरात मेरीलँड हे एकच राज्य पडले. एवढ्या आखूड काळातल्या वस्तू मुबलक मिळू लागल्या, तर संशय घ्यावा. मी कागदापासून सुरुवात करीन, कारण तेव्हा मतपत्रिकाही पक्षच छापून घेत. बोस्टनमध्ये १८५४ च्या सुमारास चक्क ‘नो-नथिंग’ साबण निघाला होता. ‘अमेरिका मूळच्यांची’ म्हणणाऱ्या या गोऱ्यांनी त्याच्या लेबलावर चित्र मात्र तिथल्या आदिवासींचे छापले, आणि कोणत्याही घोषणेपेक्षा मला ते अधिक बोलके वाटते.

उत्तर (सीताबर्डी)
वरील मताशी सहमत आहे. अमेरिकेच्या १९७३ च्या कायद्याप्रमाणे राजकीय वस्तूच्या नकलेवर ती बनवल्याचे वर्ष असावे लागते. तथापि ते घासून काढता येते, म्हणून कड व मागची बाजू यांची जवळून घेतलेली छायाचित्रे आधी मागवावीत.

उत्तर (धंतोली)
फितीबद्दल सांगतो. नागपूरच्या उन्हाळ्यापेक्षा त्यावर आपण लावतो तो कूलरच अधिक घातक, कारण त्याच्या ओलाव्याने कागदाला बुरशी धरते आणि कसर लागते. फीत घडी न घालता, आम्लरहित कागदावर सपाट, कूलर नसलेल्या खोलीतील कपाटात ठेवावी. जुने रेशीम घडीवरच फाटते. चौकटीत लावून भिंतीवर टांगू नये, उजेडाने रंग जातो.