खतखड्ड्यात ‘प्लास्टिक खाणारे’ कल्चर टाकावे काय?

सचिव: सभासदांस नमस्कार. खतखड्ड्यात प्लास्टिक खाणाऱ्या जिवाणूंचे कल्चर टाकावे, असा प्रस्ताव आला आहे. रविवारच्या सभेपूर्वी मते कळवावीत.

ताई (बी-१०४): जपानमध्ये असा जिवाणू सापडल्याचे वाचले होते. एकदा करून पाहण्यास हरकत नसावी.

नाना (ए-२०२): ताई, आपण वाचले ते खरे आहे, पण तो खातो काय, हे आधी पाहावे लागेल. साकाई शहरात, बाटल्यांचा पुनर्वापर होतो त्या जागी मिळालेल्या या जिवाणूची माहिती २०१६ साली प्रसिद्ध झाली आणि गावावरूनच त्याला ‘इडिओनेला साकाइएन्सिस’ हे नाव पडले. तो पाण्याच्या बाटलीच्या, म्हणजे ‘पेट’ प्लास्टिकवर जगतो. पेटच्या साखळीत जागोजागी एस्टर बंध असतात, ते त्याचे एक विकर (एन्झाइम) तोडते आणि सुटलेल्या तुकड्यांचे दुसरे विकर टेरेफ्थॅलिक आम्ल व इथिलीन ग्लायकॉल, म्हणजे पेटचे मूळ घटक, करते. तरीही ३० अंश तापमानाला एक पातळ पापुद्रा संपवायला त्याला सुमारे सहा आठवडे लागले. आपल्या खड्ड्यात बाटल्या नाहीतच, कारण त्या भंगारवाला नेतो. तिथे असते ते दुधाच्या पिशवीचे पॉलिथिन, शेतातल्या ठिबकच्या नळीचे असते तेच. त्यात कार्बनला कार्बनच जोडलेला असल्याने या विकरांना धरायला जागाच नाही.

दादा (सी-३०१): फ्रान्समध्ये तर दहा तासांत ९० टक्के पेट विघटित केल्याचे वाचले, नाना.

नाना (ए-२०२): होय, २०२० साली. पण तिथे जिवाणू नव्हता, सुधारलेले विकर होते, आणि तेही बंद टाकीत ७२ अंशांवर.

दादा (सी-३०१): मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या आसपास असतोच, उरलेल्या २७ अंशांची सोय सोसायटीने करावी!

नाना (ए-२०२): काल खत चाळताना मूठभर निळे-पांढरे तुकडे निघाले. ते पिशव्यांचे कापलेले कोपरे होते, जे ओट्यावरून भाजीच्या देठांबरोबर ओल्या कचऱ्यात जातात. पिशवीला चीर द्यावी, कोपरा तिलाच लटकू द्यावा, एवढे जमले तरी माझे चाळण्याचे निम्मे काम वाचेल.

काकू (ए-१०१): त्यातले बरेच आमच्याच घरचे असावेत. उद्यापासून कोपरा तोडणार नाही.

सचिव: कल्चर विकणाऱ्याला ते नेमके कोणत्या प्लास्टिकवर चालते, एवढे लेखी विचारतो. उत्तर येईपर्यंत खरेदीचा विषय सभेपुढे ठेवणार नाही.