बी नको, गड्डा फोडा

केशरी एकिनेशियाच्या (डेझीसारखी फुलं येणारं, वर्षानुवर्षं टिकणारं बागेतलं रोप) वाळलेल्या बोंडातलं बी पेरलं तर तसंच केशरी फूल येईल का, असं तुम्ही विचारलंय. नाही येणार. केशरी एकिनेशिया संकरित असतो; संकरित वाणाचं बी आईवर जात नाही, आणि कित्येकांत तर ते पोकळच निघतं. तोच रंग हवा तर गड्डाच, म्हणजे मुळांसकट रोपाचं बूड, फोडायला हवा.

सोलापुरात मी हे दिवाळीनंतर, ऊन निवल्यावर करते. गड्डा उपटून माती धुतली की खोडाच्या बुडाशी बारीक कोंब दिसतात. प्रत्येक तुकड्याला दोन-तीन कोंब आणि मुळांचा झुपका राहील असं धारदार सुरीने कापायचं. पहिल्या वर्षी कळ्या खुडा, जीव मुळांत जाऊ द्या.

खरा धोका आपल्या काळ्या मातीचा. पावसाळ्यात ती पाणी धरते आणि बूड कुजतं. माझी पहिली दोन रोपं अशीच गेली, फार जीवाला लागलं. आता निम्मी जाड वाळू, थोडं शेणखत, आणि कोंब मातीच्या वरच. मे महिन्यात पारा 42 च्या पुढे गेला की दुपारी हिरवी जाळी बांधा.

बियांचीच हौस असेल तर साधी जांभळी जात घ्या. ओलसर वाळूत बी मिसळून 4 ते 6 आठवडे फ्रीजमध्ये ठेवा, मग पेरा.