तौलनिक नीतिशास्त्र आणि धर्म : नोकरी सांभाळून एम.ए. करावे का?

निळी शाई :
मी मेरिलँडमध्ये परिचारिका आहे. व्हेंटिलेटर काढायचा की नाही, या प्रश्नावर कॅथलिक, ज्यू आणि हिंदू घरांतील माणसे किती निरनिराळी कारणे देतात हे अतिदक्षता विभागात सतत पाहत आल्याने धर्म आणि नीती यांचा रीतसर अभ्यास करावा असे वाटू लागले आहे. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात लिबरल स्टडीजचा, म्हणजे तत्त्वज्ञान, धर्म, साहित्य अशा विषयांचा एकत्रित, पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. माझी पदवी नर्सिंगची आहे. अशा ठिकाणी खोलवर काही शिकवतात, की सगळ्या धर्मांची धावती ओळख करून देऊन पदवी हातात ठेवतात?

जुना वाचक :
ताई, पदवीची चिंता करू नका. अमेरिकेतल्याच वेस्लियन विद्यापीठाने १९५३ साली असा अभ्यासक्रम सुरू केला तोच मुख्यतः शाळेत शिकवणाऱ्यांसाठी, आणि जॉर्जटाउनचा १९७४ पासून चालू आहे. धावत्या ओळखीची तुमची शंका मात्र रास्त आहे. प्रवेशाआधी वाचनाची यादी मागवा आणि तीत मूळ ग्रंथ किती व त्यांवरची पाठ्यपुस्तके किती, हे मोजा. धर्मांचे अभ्यासक ली यर्ली यांनी १९९० साली प्राचीन चिनी तत्त्वज्ञ मेन्शियस आणि मध्ययुगीन ख्रिस्ती विचारवंत थॉमस अक्वायनस यांची तुलना केली, तेव्हा चीन आणि युरोप यांची गोळाबेरीज न मांडता धैर्य या एकाच सद्गुणावर लक्ष ठेवले. तुमच्या हाती तर व्हेंटिलेटरचा नेमका प्रश्न आधीच आहे.

पोथीवाला :
यादीइतकीच भाषाही पाहावी. कंदाहारला १९५८ साली सापडलेल्या अशोकाच्या द्विभाषी लेखात, ज्या अशोकाचे आदेश आपल्या सोपाऱ्यालाही मिळाले आहेत, ‘धम्म’ या शब्दासाठी ग्रीक भागात ‘युसेबिया’ म्हणजे देवादिकांविषयीचा भक्तिभाव हा शब्द येतो, तर अरामेइक या पश्चिम आशियातील जुन्या भाषेच्या भागात सत्य या अर्थाचा. एका राजाच्या एका शब्दाची ही गत, मग ‘रिलिजन’ आणि ‘धर्म’ समोरासमोर मांडून केलेली तुलना किती भरवशाची? अमेरिकेतील सेंट जॉन्स कॉलेजच्या सांता फे येथील पौर्वात्य ग्रंथांच्या एम.ए.मध्ये संस्कृत किंवा अभिजात चिनी शिकावी लागते, ती अट मला योग्य वाटते.

सायंशाळा :
पोथीवाल्यांचे म्हणणे विद्वानासाठी खरे आहे. रात्रपाळी करणाऱ्या माणसाला व्याकरणाचे ओझे सोसवेलच असे नाही. भाषांतर वाचावे, पण वर्गात कळीचा मूळ शब्द कोणता, हे शिक्षकांना न संकोचता विचारावे.

निळी शाई :
संस्कृत शाळेत शंभर गुणांचे होते, तेवढ्यावर धीर करते. आधी जॉर्जटाउनकडून वाचनाची यादी मागवते आणि आली की इथेच टाकते.