कौडेल्का : प्राग मोठं की रोमा वस्त्या?

रानवाटा : छायाचित्रकार योसेफ कौडेल्काचं नाव निघालं की लोक ऑगस्ट १९६८ च्या प्रागवर येऊन थांबतात. चेकोस्लोव्हाकियात घुसलेले सोव्हिएत रणगाडे, त्यांवर चढलेली पोरं, मनगटावरच्या घड्याळामागचा रिकामा रस्ता. फोटो जबरदस्तच आहेत, पण ते आठवडाभराचं काम. हा चेक विमान-अभियंता १९६२ पासून रोमा, म्हणजे 'जिप्सी' म्हटल्या जाणाऱ्या लोकांच्या वस्त्यांत जात होता, मुख्यतः पूर्व स्लोव्हाकियात. १९६७ मध्ये त्याने नोकरीही सोडली. लग्नं, मयती, उघडी पोरं, एकाच खोलीत मावलेलं अख्खं कुटुंब! १९७५ ला 'जिप्सीज' हे पुस्तक आलं. खरा कौडेल्का तिथे आहे. प्राग हा योगायोग.

खडीसाखर : योगायोग? फोटो चोरून देशाबाहेर गेले, १९६९ मध्ये नावाशिवाय छापले गेले. वृत्तछायाचित्रणाचं रॉबर्ट कापा सुवर्णपदकसुद्धा 'अनामिक चेक छायाचित्रकारा'ला मिळालं. १९७० मध्ये देश सुटला. घरच्यांना त्रास नको म्हणून वडील जाईपर्यंत, म्हणजे १९८४ पर्यंत, त्याने या फोटोंना नाव लावलं नाही. एवढी किंमत मोजलेल्या कामाला योगायोग म्हणताय, धन्य आहे.

नदीकाठ : रोमा फोटोंबद्दल माझी तक्रार वेगळी. ते बघून आपण 'मुक्त भटके' वगैरे उसासे टाकतो. प्रत्यक्षात चेकोस्लोव्हाकियाने १९५८ च्या कायद्यानेच भटकणं बंद केलं होतं. सरकार फोटोंत कुठे दिसतं?

रानवाटा : @नदीकाठ, उसासे आपले, त्यात त्याचा काय दोष? पुस्तकात भिंती, पलंग, चिखलातली घरं आहेत. भटकणं थांबवून एका जागी वसवलेली माणसंच दिसतात. आणि स्लोव्हाकियातल्या जाराबिना गावचा १९६३ चा फोटो विसरलात? बेड्या घातलेला तरुण पुढे, मागे पोलीस आणि बघे. सरकार आणखी कसं दाखवायचं?
@खडीसाखर, किंमत मोजली हे कबूल. पण आक्रमणाच्या आदल्याच दिवशी तो रुमानियातून परतला होता, तेही रोमांचे फोटो काढून. माणसांच्या इतकं जवळ जायची सवय त्याला तिथलीच.

खडीसाखर : जाराबिनाच्या फोटोवरच माझा आक्षेप आहे. फोटोखालच्या ओळीत फक्त गाव आणि साल. खुनाचा आरोप असलेला माणूस जगभर भिंतींवर टांगला गेला, बिननावाचा.

रानवाटा : रणगाड्यावरच्या पोरांची नावं तरी कुठे आहेत?

खडीसाखर : ती आपणहून चढली होती. याला बेड्या घालून उभा केला होता.