मदत हवी आहे: तीन दिवसांसाठी ग्रॅव्हल रूट (अर्जंट)

चेनतुटली | २६ सप्टेंबर २०२५, रात्री ११:४०
नमस्कार मंडळी, वैतागून विचारतोय. सहा महिन्यांपूर्वी हौसेने ग्रॅव्हल बाईक, म्हणजे कच्च्या रस्त्यांसाठीची सायकल, घेतली आणि अजून धड एक कच्चा रस्ता मिळालेला नाही. सगळं बेट डोंगरांनी खच्चून भरलंय, नकाशावर लिनदाओच्या तुटक रेघाच रेघा, आणि जाऊन बघावं तर एकतर सिमेंट नाहीतर रस्ताच गायब. गेल्या रविवारी एका ॲपवरची अशीच रेघ पकडून गेलो, चार किलोमीटर बरं होतं, पुढे अख्खा डोंगर खाली आलेला, त्यावर कुणीतरी ट्रेकवाल्यांनी दोरी बांधून ठेवलेली. सायकल खांद्यावर घेऊन ती दोरी धरली, पलीकडे डोक्याएवढा बांबू. परत फिरलो. घरी येऊन मोजे काढले तर डाव्या पायाला तीन जळवा, टम्म फुगलेल्या.
मून फेस्टिव्हलची शनि-रवि-सोम सुट्टी आहे, आठवडा उरलाय. कुणीतरी चालू असलेला रूट सांगा प्लीज. फाइल असेल तर उत्तम.

पोर्टलुईकर | २७ सप्टेंबर, सकाळी ६:१५
मॉरिशसला आहात का? असाल तर डोंगराच्या नादी लागू नका, उसाच्या शेतांमधले रस्ते धरा, ट्रॅक्टर जातात ते. ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या बाजूलाही मस्त आहे.

चेनतुटली | २७ सप्टेंबर, सकाळी ७:०२
अहो लिनदाओ लिहिलंय ना, इथले जंगलातले रस्ते! तैवान. सिंचूत राहतो.

पोर्टलुईकर | २७ सप्टेंबर, सकाळी ७:१०
लिनदाओ म्हणजे तुमच्या मित्राचं नाव वाटलं. चालू द्या.

पहाटे_पाच_पुणे | २७ सप्टेंबर, सकाळी ७:३१
टायर किती एमएमचे? ट्यूबलेस आहेत का? हे न सांगता रूट मागणं म्हणजे चपलेचा नंबर न सांगता चप्पल मागण्यासारखं आहे. माझं मत विचाराल तर ५० च्या खाली ग्रॅव्हल हा शब्द वापरूच नये. आम्ही ताम्हिणीच्या आसपास पावसाळ्यानंतर ५० ट्यूबलेसवर जातो, चिखल असो गोटे असो, लोण्यासारखी चालते.

तायचुंगचे_तात्या | २७ सप्टेंबर, सकाळी ९:२०
इथे अकरा वर्षं आहे, गुडघे खर्ची घातलेत, म्हणून थोडं लांबण लावतो.
पहिलं म्हणजे तैवानात ग्रॅव्हल जवळपास नाहीच, हे आधी पचवा. लिनदाओ हे लाकूडतोडीसाठी काढलेले रस्ते, बरेचसे जुने. १९९१ ला नैसर्गिक जंगल तोडायला बंदी आली, मग त्या रस्त्यांवर खर्च कोण करणार? दरवर्षी वादळं, वर भूकंप, दरडी कोसळतात आणि तशाच राहतात. ॲपवाल्यांना काय, जुन्या नकाशावर रेघ होती, त्यांनीही ओढली. दुसरा प्रकार शेतरस्ते. चहा, सुपारी, बांबू, पीच काढायला ट्रक वर जायला पाहिजे म्हणून सिमेंट ओतलेलं, त्यात आडव्या खाचा, आणि चढ असा की आपल्याकडचा कुठलाही घाट बापुडा वाटावा. २० टक्के तर कुठेही लागतो.
म्हणजे इथे टायरच्या जाडीपेक्षा मागचं मोठं चक्र आणि ब्रेक पॅड महत्त्वाचे. उतारावर रेझिन पॅड एका दिवसात संपलेत माझे. मेटलचे टाका आणि एक जोड खिशात ठेवा.
आता तुम्ही सांगा: गिअर काय आहेत, एकटे आहात का, कार आहे की ट्रेनने जाणार, आणि रविवारी नक्की कुठे गेला होतात? परवाना काढला होता का?

पहाटे_पाच_पुणे | २७ सप्टेंबर, सकाळी ९:४४
तात्या, टायरच्या जाडीपेक्षा गिअर महत्त्वाचा हे काही पटलं नाही. ग्रिप नसेल तर गिअर घेऊन काय करायचं? उभ्या चढावर मागचं चाक घसरलं की संपलं.

तायचुंगचे_तात्या | २७ सप्टेंबर, सकाळी १०:०५
सिमेंटवर चाक घसरत नाही हो, माणूस घसरतो. साधा हिशेब करा. माणूस, सायकल, पाणी धरून ८० किलो. २० टक्के चढावर ताशी ६ च्या स्पीडने जायलासुद्धा अडीचशेच्या वर वॉट लागतात. पुढच्या चक्राला ४० दाते आणि मागच्या मोठ्याला ४२ असतील तर त्या स्पीडला पायाची एक फेरी सव्वा सेकंदाची, म्हणजे ओझं उचलल्यासारखं. मागे ३४ असेल तर विसराच. शेवाळलेल्या सिमेंटवर मात्र तुमचं म्हणणं मान्य, तिथे ५० असो की ५००, आडवे होतो.

श्रीखंडवडी | २७ सप्टेंबर, सकाळी ११:३०
सिंचूतच आहात तर कशाला डोंगरात जाता जिवावर उदार होऊन. नानलियाओ बंदरापासून समुद्राकाठचा १७ किलोमीटरचा सायकल ट्रॅक आहे, सपाट, आम्ही मुलांना घेऊन जातो, सायकल नसेल तर यूबाईक घ्या. शेवटी मासळी मिळते. फक्त दुपारनंतर वारा असतो, सिंचूला वाऱ्याचं शहर उगाच म्हणत नाहीत, परतताना पायडल मारूनही जागच्या जागी.

चेनतुटली | २७ सप्टेंबर, दुपारी १:१५
श्रीखंडवडीताई, तो ट्रॅक ऑफिसातले सगळे करतात, धन्यवाद.
तात्या: गिअर पुढे ४०, मागे ११-४२. एकटाच. कार नाही. रविवारी जियानशीच्या वर गेलो होतो, युलाओच्या पुढे. परवाना कसला? तिथे तर फाटकही नव्हतं.

तायचुंगचे_तात्या | २७ सप्टेंबर, दुपारी १:४०
अरे देवा. युलाओवरून खाली उतरून शिउलुआनला गेलात की चौकी लागते, स्मांगुसला जाणाऱ्यांना तिथे परवाना दाखवावा लागतो. डोंगरातल्या बऱ्याच भागांना पोलिसांचा प्रवेश परवाना लागतो, आणि नॅशनल पार्क असेल तर पार्काचा वेगळा. कटकट आहे, पण काढायचाच. रविवारी तुम्ही दरडीखाली सापडला असतात तर तुम्ही कुठे आहात हे कुणाला माहीत होतं का?

चेनतुटली | २७ सप्टेंबर, दुपारी १:५२
बायकोला सांगितलं होतं की समुद्राकाठी जातोय.

श्रीखंडवडी | २७ सप्टेंबर, दुपारी २:१०
😂 म्हणजे आमचा ट्रॅक तेवढ्यापुरता उपयोगी पडला.

तळ्यात_मळ्यात | २७ सप्टेंबर, संध्याकाळी ५:२५
मी हुआलिएनला पीएचडी करते. कुणी सुचवायच्या आधीच सांगते, या सुट्टीत आमच्याकडे नका येऊ. वादळाच्या पावसाने मंगळवारी, २३ तारखेला, माताआन नदीवरचा दरडीने अडलेला तलाव भरून वाहिला आणि गुआंगफू गावात चिखलाचा लोंढा शिरला, ९ नंबर हायवेवरचा पूल वाहून गेला. माणसं गेली आहेत. आत्ता हजारो लोक फावडी घेऊन ट्रेनने तिकडे चाललेत, घराघरातला चिखल काढायला, मीही उद्या जातेय. अशात मध्ये सायकलवाले नकोत. आणि तारोकोच्या घळीतून वुलिंगला, म्हणजे ३२७५ मीटरला चढायचं स्वप्न असेल तर तो रस्ता ३ एप्रिल २०२४ च्या भूकंपापासून अजून धड सावरलेला नाही.
पण दक्षिणेला ताइतुंगचा १९७ नंबरचा रस्ता बघा. चिशांगपासून खाली ताइतुंग शहराकडे साठेक किलोमीटर, समुद्राकडच्या डोंगररांगेच्या पोटातून जातो. मधला काही भाग मी दोन वर्षांपूर्वी गेले तेव्हा कच्चा होता, खरोखरचा, खडी आणि गोटे. डावीकडे रान, उजवीकडे खाली भाताची खाचरं, दोन तासांत मला एक स्कूटर दिसली, तिच्यावर एक आजोबा आणि मागे बांबूचे कोंब. परवान्याची भानगड नाही.

चेनतुटली | २७ सप्टेंबर, संध्याकाळी ५:४०
हे हवं होतं!! पण ताइतुंगला ट्रेन हुआलिएनवरूनच जाते ना?

तायचुंगचे_तात्या | २७ सप्टेंबर, संध्याकाळी ६:०५
उलटे जा. सिंचूहून हायस्पीडने झुओयिंग, तिथून साउथ लिंक लाइनने ताइतुंग, मग लोकलने चिशांग. सायकल पिशवीत घाला, पुढचं चाक काढून. पिशवी नसेल तर आजच घ्या, आणि तिकीट तर कालच काढायला हवं होतं. १९७ मी विसरलोच होतो, ताईंना +१. फक्त तिथे शेताची राखण करणारी कुत्री सुटी असतात. पळायचं नाही, उतरायचं आणि सायकल मध्ये धरून चालायचं.

पहाटे_पाच_पुणे | २७ सप्टेंबर, संध्याकाळी ६:२०
खडी आणि गोटे म्हटल्यावर परत विचारतो, टायर किती एमएम?

खाद्यभ्रमंती | २७ सप्टेंबर, रात्री ८:५०
अवांतर: शाकाहारी आहात का? डोंगरात सेव्हन-इलेव्हन नाही म्हणून खाऊ आधीच भरा. शहरात दुकानाच्या पाटीवर स्वस्तिक दिसलं की बिनधास्त शिरा, ते शाकाहारी. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं कुणाचं तरी लग्न आहे. पारंपरिक ठिकाणी कांदा-लसूणही नसतो, आमच्या जैन मित्राची सोय झाली होती.

श्रीखंडवडी | २७ सप्टेंबर, रात्री ९:१५
शिवाय यंदा मून फेस्टिव्हल आणि कोजागिरी एकाच दिवशी आहे, ६ तारखेला. इथले लोक फुटपाथवर शेगड्या मांडून मांस भाजतील, आम्ही गच्चीत दूध आटवणार आहोत. सिंचूकरांनी यावं. मसाला मी देशातून आणलाय.

पहाटे_पाच_पुणे | २७ सप्टेंबर, रात्री ९:३०
धाग्याचं काश्मीर झालं, मूळ विषय राहिला बाजूला.

चेनतुटली | ७ ऑक्टोबर, रात्री १०:०५
अपडेट. जाऊन आलो. हायस्पीडचं बसायचं तिकीट मिळालं नाही, उभ्याने गेलो, सायकलची पिशवी दाराशी धरून. १९७ वरचा कच्चा पट्टा अपेक्षेपेक्षा छोटा निघाला, काही ठिकाणी नवं डांबर आहे, पण जेवढा आहे तेवढ्यासाठी परत जाईन. एका वळणावर चार कुत्री आली, तात्यांनी सांगितलं तसं उतरून चाललो, त्यांनी अर्धा किलोमीटर सोडायला येऊन मग तोंड फिरवलं. मागचे पॅड पार गेले, सुटे जोड नेले म्हणून वाचलो. चिशांगचा भाताचा डबा दोन वेळा खाल्ला. कोजागिरीचं दूध चुकलं त्याबद्दल ताईंची माफी.
तळ्यात_मळ्यात, गुआंगफूला अजून माणसं लागत असतील तर कळवा, येत्या शनिवारी मी आणि ऑफिसातले दोघे येऊ शकतो. सायकलशिवाय.

तळ्यात_मळ्यात | ७ ऑक्टोबर, रात्री १०:२०
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. गमबूट आणा, इथे मिळत नाहीयेत.

पहाटे_पाच_पुणे | ७ ऑक्टोबर, रात्री १०:४८
अभिनंदन! आता तरी सांगा, टायर किती एमएमचे होते?

चेनतुटली | ७ ऑक्टोबर, रात्री ११:०२
सायकल खाली पार्किंगमध्ये आहे हो, उद्या बघून सांगतो.